लघवीतून रक्त जाणे म्हणजे ‘उन्हाळी’ नव्हे

कोलशेतच्या खाडीत उतरल्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो का, असे मला दवाखान्यात अधूनमधून विचारले जाते. जंतामुळे हा कर्करोग होतो, असे कुणीतरी वाचलेले असते. वाचलेले खोटे नाही. शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा जंत मुख्यत्वे आफ्रिकेत व मध्यपूर्वेत आढळतो. तो गोड्या पाण्यातील गोगलगायीत वाढतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत ठाण मांडतो. त्याची काही अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात, तिथे वर्षानुवर्षे सूज राहते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये या जंताला कर्करोगकारक ठरवले.

आपली खाडी खारी, त्यामुळे ती भीती नको. (म्हणून तिथे पोहावे, असे मात्र मी सुचवत नाही!) पण हा रोग आपल्या मातीला अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचे रुग्ण असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले होते.

आपल्याकडे खरा आरोपी तंबाखूचा धूर आहे. विडी-सिगारेटमधली विषे रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी साठते ती मूत्राशयात. दुसरा धोका रंग-रसायनांच्या काही कारखान्यांतला. जर्मनीत रेन या शल्यविशारदाने १८९५ मध्येच रंगकामगारांतील हा रोग नोंदवला होता. कोलशेत रस्त्यावर पूर्वी असे कारखाने होते. हा रोग वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतो, म्हणजे कामगार निवृत्त झाल्यावर.

माझी तक्रार आहे ती ‘उन्हाळी लागली’ या निदानाबद्दल. लघवी लाल झाली की धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. रक्त दोन दिवसांत आपोआप थांबते आणि गुण सब्जाच्या नावावर जमा होतो. पण न दुखता रक्त जाणे आणि आपणहून थांबणे ही या कर्करोगाची नेहमीची चाल आहे. त्यामुळे एकदाच गेले असले तरी लघवी तपासावी, सोनोग्राफी करावी. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नये.

विडी किती वर्षे ओढली, काम कुठे केले, हे न विचारता सांगावे. आफ्रिकेत नोकरीला राहून आला असाल तर तेही सांगा. जंताच्या तपासणीसाठी लघवी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान द्यावी, अंडी त्या वेळी जास्त पडतात. जंतावर प्राझिक्वांटेल हे चांगले औषध आहे.