बाटलीवरील कोरफड व बाटलींतील कोरफड

हल्लीं तालुक्याच्या बाजारांतील कोणत्याहि दुकानांत तोंडास लावण्याच्या लोशनच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. वर कोरफडीचें रसरशीत पान किंवा हळकुंड, आणि खालीं वनस्पतींच्या अर्कांनीं त्वचा उजळ व मऊ करण्याचें अभिवचन. चित्रें आपल्याच पिकांचीं असल्यामुळें शेतकऱ्यास त्यांचा दुहेरी मोह पडतो. घरांतील मंडळी बाटली घेतात, आणि तो स्वतः बांधालगत कोरफड लावावी कीं काय, याचा हिशेब करूं लागतो. आमच्या मतें बाटली नीट तपासल्यावांचून या दोन्ही गोष्टी करूं नयेत.

नव्या खताची परीक्षा आपण एका वाफ्यांत खत घालून व शेजारचा वाफा तसाच ठेवून करतों. तीच पद्धति आम्हीं अशा एका लोशनास लाविली. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थोडें लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज अगर लाली आली नाहीं. नंतर पौषाच्या कोरड्या थंडींत चार आठवडे केवळ उजव्या गालास सकाळ-संध्याकाळ लाविलें व डावा गाल कोरा ठेविला. (घरांत यावरून थट्टा पुष्कळ झाली.) उजव्या गालाचा खरखरीतपणा आठ दिवसांतच गेला, डावा होता तसाच राहिला. रंगांत मात्र महिनाअखेर दोन्ही गालांत भेद दिसला नाहीं.

याचा उलगडा बाटलीच्या पाठीवरील बारीक अक्षरांत होतो. घटकांचीं नांवें प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें छापावीं लागतात. शेकडा १ किंवा त्याहून कमी असलेले घटक तेवढे शेवटीं कोणत्याहि क्रमानें येतात. आमच्या बाटलींत आरंभीं पाणी, मग ग्लिसरीन, मग नियासिनामाइड. कोरफड, ज्येष्ठमध व हळद हीं फिनॉक्सिइथेनॉल या परिरक्षकाच्याहि मागें! या परिरक्षकाची मर्यादाच शेकडा १ आहे. सबब त्याच्या मागून आलेली वनस्पति त्याहून अधिक असणें नाहीं.

ओलावा धरून ठेवण्याचें मुख्य काम ग्लिसरीनचें. तेंहि पुष्कळदां वनस्पतींच्या तेलापासूनच निघतें, परंतु त्याचें चित्र कोणी काढीत नाहीं. ज्येष्ठमधांतील ग्लॅब्रिडिन त्वचेंतील रंगद्रव्य बनण्यास अडथळा करतें, व नियासिनामाइड तें वरच्या पेशींत जाण्यास आडकाठी करतें, हें खोटें नव्हे. पुरेशा प्रमाणांत कांहीं महिने वापरल्यास डाग फिके होऊं शकतात. जन्मतःचा वर्ण त्यानें पालटत नाहीं. शिवाय दिवसभर उन्हांत काम करून असें लोशन लावणें म्हणजे एकीकडे अंगण सारवावें व दुसरीकडे त्यांतून गुरें न्यावीं, असा प्रकार होय. त्यापेक्षां डोकीस पागोटें व अंगांत पूर्ण बाह्यांचा सदरा अधिक उपयोगी. आठ दिवसांत गोरें करणाऱ्या बिननांवाच्या क्रीमांना तर घरांत थाराच देऊं नये. अशा मलमांत पारा किंवा स्टेरॉइड सांपडलेलें आहे. पाऱ्यानें मूत्रपिंड बिघडतें, स्टेरॉइडनें कातडी पातळ होते. मुलीचा सांवळा रंग हा रोग आहे, असें समजून पैसे खर्चणाऱ्या बापांस आम्ही यापलीकडे काय सांगावें?

आतां लागवडीविषयीं. कोरफडीचा गर शेकडा ९८ हून अधिक पाणीच असतो. कापलेलें पान जड, नासणारें, आणि लांब नेण्यास महाग. बाटलींत तिचा वांटा चिमूटभर. सबब बाटल्यांच्या खपावरून मागणीचा अंदाज बांधणें धोक्याचें. रोपें विकणाऱ्याचा नफा लागवडीच्या दिवशींच पदरांत पडतो, आपला मात्र माल उचलला गेल्यावर. म्हणून माल परत घेण्याचें तोंडी आश्वासन देणारा कोणी आल्यास त्याचा कारखाना कोठें आहे तो प्रत्यक्ष पाहावा. दर, वजन कोठें करावयाचें, कापणीनंतर किती तासांत माल उचलावयाचा, आणि न उचलल्यास भरपाई किती, हें सर्व रोपांचे पैसे देण्यापूर्वीं त्याच्या सहीनिशीं लिहून घ्यावें.