पलुसकरांच्या गावात गाणे कोण शिकवणार?

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की गांधर्व महाविद्यालयाच्या शाखांतून आणि गावोगावच्या गाण्याच्या क्लासांतून एका फोटोला हार पडतो. १८ ऑगस्ट ही पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची जयंती आणि २१ ऑगस्ट ही पुण्यतिथी. जन्म १८७२ साली कुरुंदवाडला, मृत्यू १९३१ साली मिरजेला. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. घराणे मूळचे गाडगीळांचे. पूर्वजांचे गाव पलूस म्हणून पलुसकर. संगीतशिक्षणाच्या इतिहासात मिरज सोडली तर सांगली जिल्ह्यातल्या क्वचितच एखाद्या गावाचे नाव पलूसइतके घेतले गेले असेल. द्राक्षाच्या बाजारात पलूस आहे, उसाच्या राजकारणात तर आहेच. पण या तालुक्यातल्या सातवीतल्या मुलीला समोर बसून कोणी तंबोरा लावताना पाहायला मिळते का, हा प्रश्न जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही.

विष्णुबुवांचे वडील कीर्तनकार. फटाक्याच्या अपघातात मुलाचे डोळे अधू झाले, शाळेची वाट बंद झाली, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला धाडले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली होती. मिरज संस्थानचा आश्रय होता, तालीम कसून चालली होती. मग तो प्रसंग घडला, जो त्यांचे प्रत्येक चरित्र सांगते. मिरजेतल्या एका सभेला विष्णुबुवांना बोलावणे होते, गुरूंना नव्हते. कारण काय, तर ते गवई! गवयाला काय बोलवायचे? हा अपमान त्यांच्या मनातून कधी गेला नाही. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

पुढचे ते करू शकले याचे श्रेय त्यांच्या गळ्याइतकेच त्यांच्या व्यवस्थापनालाही द्यावे लागते. राजाच्या दिवाणखान्यातले गाणे त्यांनी तिकीट लावून लोकांपुढे आणले. मैफल ठरल्या वेळी सुरू होई. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, १९०८ मध्ये मुंबईला. मुलींना शिकवण्याची सोय केली, स्वरलिपीतली स्वस्त पुस्तके छापली. पण त्यांची खरी युक्ती वेगळीच होती. गरीब घरची मुले ते फुकट शिकवत, जेवूखाऊ घालत आणि त्यांच्याकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. शिकून झाल्यावर ही मुले 'उपदेशक' होऊन गावोगाव जात आणि संगीताच्या शाळा काढत. म्हणजे लोकांपर्यंत त्यांनी नुसते गाणे नेले नाही, गाणे शिकवणारा माणूस पाठवला.

या माणसांची नावे पाहावीत. विनायकबुवा पटवर्धन आणि बी. आर. देवधर ही दोघेही मिरजेचीच मुले. विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्याला गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांनी मुंबईत शाळा काढली. त्याच शाळेत शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, शिकून मोठे झाले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, आश्रमाची भजने त्यांनी बसवली, १९३० मध्ये दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. मुंबईला विष्णुबुवांनी बांधलेली इमारत मात्र कर्जापायी हातची गेली आणि ते नाशिकला रामनामाच्या आधाराने राहू लागले. विटा गेल्या, शिष्य राहिले. संस्था काढणाऱ्यांनी या हिशेबाचा विचार जरूर करावा, कारण आपल्याकडे आधी सभागृहाची कोनशिला बसते आणि शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी असते.

मुलांपर्यंत संगीत नेण्याचे हेच काम जगात इतरत्र मोठमोठे वाद्यवृंद करतात. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे लेनर्ड बर्नस्टाइन १९५८ ते १९७२ या काळात मुलांसाठी मैफली करत. मंचावरून स्वतः समजावून सांगत आणि ते टीव्हीवर घरोघरी दिसे. व्हेनेझुएलात होझे अँटोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिने दिली. त्या चळवळीतून गुस्तावो दुदामेलसारखा वाद्यवृंद-संचालक निघाला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९१८ च्या सुमारास, मैहरला अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत पोरक्या झालेल्या मुलांचा वाद्यवृंद उभा केला होता. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मुलांसाठी त्यांची अकादमीही आहे. ऐंशी वादकांचा ताफा पलूसला आणणे कोणाला परवडणार? त्याची गरजही नाही. आपल्या संगीताला एक गाणारा, एक तंबोरा आणि तबलजी पुरतो. स्पिक मॅके या संस्थेने १९७७ पासून शाळा-कॉलेजांत हेच केले. एवढे स्वस्त असूनही हे गाणे खेड्यातल्या शाळेत पोचत नसेल तर अडचण पैशाची नाही.

विष्णुबुवांच्या कामाची दुसरी बाजूही जयंतीच्या निमित्ताने बोलली पाहिजे. हाराखाली ती झाकू नये. शृंगारिक बंदिशींचे शब्द त्यांनी बदलले, गाण्याला भक्तीचे वळण दिले. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना गाणे शिकता आले हे खरे. पण ज्या मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायांनी ही विद्या शतकानुशतके सांभाळली, ते सारे या नव्या 'सभ्य' दालनाबाहेर राहिले. जानकी बखले यांनी २००५ मध्ये 'टू मेन अँड म्युझिक' या पुस्तकात हा हिशेब मांडला आहे. त्यावर चिडण्याचे कारण नाही. मिरजेने आपल्या परीने उत्तर आधीच दिलेले आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि उरुसात तिथे संगीत सभा होते. मोठमोठे गवई हजेरी लावतात, ऐकायला कोणीही बसावे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणे होते. याच मिरजेत खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर जन्मली आणि तिने बाईचे गाणे मानाने जाहीर मंचावर आणले. पलुसकरांचे स्मरण खाँसाहेबांना बाजूला ठेवून करता येत नाही, निदान या जिल्ह्यात तरी नाही.

आज विष्णुबुवांचा वारसा म्हणजे परीक्षा, असे समीकरण झाले आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची चौकशीही वाढली. याला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. या परीक्षांमुळेच तालुक्याच्या गावातल्या संगीतशिक्षकाच्या घरची चूल पेटते, आणि ते लहान काम नव्हे. पण परीक्षा देणारी मुले फीचे पैसे असलेल्या घरातलीच असतात. ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या पोराला किंवा द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बाईच्या मुलीला क्लासचा जिना चढता येत नाही. विष्णुबुवांनी ज्यांना फुकट जेवूखाऊ घातले ती मुले अशाच परिस्थितीतली होती.

आपल्याकडे कान तयार नाहीत ही तक्रारही खरी नव्हे. पलूस, कुंडल, भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, कृष्णाकाठचे कुठलेही गाव घ्या. भजनी मंडळ असते, पखवाज असतो, सप्ताह बसतो. पेटीवाल्याला भूप, मालकंस, भीमपलास नावाने माहीत असतात, भैरवी कधी घ्यायची तेही. विष्णुबुवा कीर्तनकाराचे चिरंजीव. लोकांना रागदारीकडे आणण्याची वाट भजनातून जाते हे त्यांनी नेमके ओळखले होते. मग शाळेतल्या संगीताच्या तासाला त्या पेटीवाल्यालाच बोलवायला काय हरकत आहे? बी.एड. नसेल त्याचे. बाळकृष्णबुवांचेही नव्हते.

वाद्यांचे तर सांगायलाच नको. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पेपरांत बातम्या झळकल्या. ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, दुकाने पलूसपासून तासाभराच्या अंतरावर. तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांना प्रत्येकी एक तंबोरा घ्यायचा ठरवला तर तो खर्च एखाद्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबाजीतून भागेल. मात्र तंबोरा कपाटात पडून राहिला तर त्याचा काही उपयोग नाही. तो लावायला, आठवड्यातून दोन तास मुलांपुढे बसायला माणूस हवा आणि त्याला दरमहा वेळेवर मानधन हवे. साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, किर्लोस्करवाडीसारखे जुने उद्योगगाव आहे, यात्रा कमिट्यांच्या पावत्या तर घरोघर फाटतात. पाच विशारद तरुण निवडून, त्यांना प्रत्येकी चार-पाच शाळा वाटून, तीन वर्षांचा करार करावा. त्यासाठी कोणाला दिल्लीहून यावे लागत नाही आणि सरकारी आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. येत्या १८ ऑगस्टला फोटोला हार घालायच्या आधी त्या पाच जणांच्या नेमणुकीची पत्रे निघावीत, आणि पत्रात मानधनाचा आकडा लिहिलेला असावा.