कात्रीला पाप का?

शिवलेल्या नऊवारीतला बागेतला फोटो टाकला, की ‘ही अस्सल नाही’ म्हणणारे हजर! दिवसा मी कोड लिहिते, रात्री आजीच्या सुती लुगड्याला कात्री लावते. काष्टा पक्का शिवला की स्कूटीवरही बसता येतं.

अस्सल म्हणजे नेमकं काय? राजा रविवर्म्याने लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली, १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढून ती चित्रं घरोघरी पोचवली. आज देवी आपल्याला तशीच दिसते. त्याला कुणी ‘नकली’ म्हणत नाही.

आणि जुनं लुगडं आपल्या घरांत जसंच्या तसं कधी राहिलं? त्याची गोधडी झाली, बाळाची दुपटी झाली. तेव्हा ती काटकसर. मी कापलं की संस्कृती बुडाली? पेटीत कसर लागून विरणाऱ्या कापडाचं मात्र कुणालाच दुःख नाही.