चिंध्यांचा दस्तऐवज : त्रिरश्मीच्या लेण्यापासून घरातल्या गोधडीपर्यंत

१/
नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या विहारात, भिक्षूंच्या वस्त्रांचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षे तो टिकून राहिला. त्याच नाशिकच्या घराघरांत चिंध्या जोडून शिवल्या गेलेल्या गोधड्यांचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही. शिलालेखाइतक्याच गांभीर्याने गोधडीही वाचली आणि नोंदली गेली पाहिजे, हा या धाग्याचा मुद्दा.

२/
प्रथम दगडावरचा हिशेब. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने हे लेणे संघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायची ठेव. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. गोवर्धन नावाचे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी आहे.

३/
यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने एका श्रेणीकडे होते. म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब कवडीचाही न चुकता जुळतो.

४/
पण ज्या चीवरासाठी एवढी तजवीज झाली, ते वस्त्र होते कसे? आरंभीचा आदर्श पांसुकूलाचा होता. धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, जोडायच्या आणि अंगावर घ्यायच्या. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मुभा मिळाली. तरीही अखंड कापड तसेच पांघरायचे नाही, ते कापून आणि पुन्हा शिवूनच वापरायचे, हा दंडक राहिला.

५/
विनयपिटकातील महावग्गात या शिवणीचा नमुना कसा ठरला, याची कथा आहे. मगधातील शेते बुद्धांनी पाहिली : पट्ट्यापट्ट्यांची, मध्ये बांध घातलेली. तशी वस्त्रे करता येतील का, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ती करून दाखवली. इगतपुरी-त्र्यंबककडची भाताची खाचरे पाहिलेल्या कुणालाही हा नमुना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खाचर म्हणजे तुकडा, बांध म्हणजे शिवण.

६/
कापण्याचे कारणही ग्रंथ देतो. शस्त्राने कापलेले वस्त्र श्रमणाला शोभते आणि दुसऱ्या कुणाला त्याचा लोभ वाटत नाही. बाजाराच्या दृष्टीने कापडाचे मोल उतरते. वापराच्या दृष्टीने मात्र ते पूर्ण वस्त्र ठरते. तुकडे जोडण्याची ही क्रिया म्हणजे नाइलाज नव्हता, विचारपूर्वक स्वीकारलेला नियम होता. नाशिकच्या विहारातील वीस चीवरांच्या मागे हा विचार उभा आहे.

७/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चिंधी स्वीकारणे आणि चिंधी लादली जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे हाच पेहराव ठरवून दिला आहे. भिक्षू ज्या स्मशानातून स्वेच्छेने वस्त्र उचलत होता, तेथीलच वस्त्र दुसऱ्या माणसाच्या अंगावर शिक्षेसारखे येत होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह उभा राहिला, त्यामागची वेदना समजून घेताना वस्त्राचा हा इतिहासही ध्यानात ठेवावा लागतो. म्हणून ठिगळांचा सरसकट गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

८/
विसाव्या शतकात ठिगळाला पुन्हा स्वेच्छेचा अर्थ दिला तो गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६). अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि हाती खराटा, ही त्यांची ओळख. काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, काही भागांत चिंधेबुवा. यात्रेकरूंसाठी त्यांनी ज्या धर्मशाळा उभारल्या, त्यांतील एक नाशिकची. लाखोंच्या देणग्या गोळा करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी चिंध्या निवडाव्यात, यातील युक्तिवाद महाराष्ट्राला भाषणाविना कळला.

९/
आता घरातली गोधडी. जुने सुती लुगडे किंवा धोतर खाली अंथरायचे. त्यावर सदरे, परकर, फाटक्या चादरी यांचे तुकडे थरांनी पसरायचे, खळगा राहील तेथे लहान चिंधी भरायची, वर पुन्हा लुगड्याचा धडका भाग घालायचा. मग जाड सुईने धावदोरा घालत बहुधा कडेकडून मध्याकडे यायचे. एकेक थर विरलेला असतो; टाके पडले की सगळे मिळून थंडी अडवतात. निफाड-दिंडोरीकडच्या कडाक्याच्या पहाटेला हे कापडी शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पुरे पडले आहे.

१०/
गोधडी, वाकळ, तान्ह्या बाळाचे दुपटे ही मराठीतील नावे. संस्कृतातील कन्था, नाथपंथी योग्यांची कंथा, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी, जपानचे बोरो, ही तिची भावंडे. इतक्या दूरदूरच्या माणसांना एकच उपाय सुचला, कारण प्रश्न एकच होता : कापड महाग होते आणि विणणाऱ्याचे श्रम वाया घालवणे कुणालाच परवडत नव्हते.

११/
यावर आक्षेप येतो : गोधडी हे दारिद्र्याचे चिन्ह आहे, तिच्यात इतिहास कसला? उलट बाजूने आज तिला ‘पर्यावरणपूरक’ ठरवून दुकानात मांडले जाते. दोन्ही दृष्टींत शिवणारी बाई दिसत नाही. पहिली तिची कीव करते, दुसरी तिचा नमुना उचलते. कोणता तुकडा भार सोसेल, कोणता उसवेल, कोणता मऊ म्हणून तोंडाकडे ठेवावा, हे निर्णय ती घेत होती. त्या निर्णयांना ज्ञान म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

१२/
शिवाय गोधडी वाचता येते. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या यशस्वी सुती गिरणीची स्थापना केली १८५४ मध्ये. हातमागाचे जाडेभरडे कापड आणि गिरणीचे एकसारखे कापड बोटांना निराळे लागते. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा, कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. टेरिकॉटचा तुकडा दिसला, तर तो भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. नाशिक जिल्ह्यातील गोधडीत मालेगावच्या यंत्रमागावरचे रंगीत सुती लुगडेही सापडू शकते. थर उसवत गेले, तर उत्खननाप्रमाणे काळ उलगडत जातो.

१३/
तरीही जतनाचा मान मिळतो तो येवल्याच्या पैठणीला. तो तिला मिळावाच. तिचे कसब निर्विवाद आहे. परंतु पैठणी वर्षातून दोनदा पेटीतून निघते आणि गोधडी रोज रात्री अंगावर असते. सणाचे वस्त्र जपायचे आणि रोजचे वस्त्र विरू द्यायचे, या सवयीमुळे सणासुदीचा इतिहास तेवढा उरतो. बहुसंख्यांचे आयुष्य त्यातून निसटते.

१४/
वेळ फार उरलेला नाही. सुती लुगडी नेसणारी पिढी सरत आली आहे. घरात साठतात ते कपडे कृत्रिम धाग्यांचे. त्यांत ती ऊबही नाही आणि मऊपणाही नाही. स्वस्त ब्लँकेट आले आणि जुनी गोधडी पायपुसणे झाली. पण कापडाच्या नाशापेक्षा मोठी हानी आणखी एक आहे. हा काठ कुणाच्या लग्नातल्या लुगड्याचा, हा तुकडा कुणाच्या सदऱ्याचा, हे सांगणारी व्यक्ती गेली की उरलेली गोधडी अनामिक होते.

१५/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठी म्हणूनच हे हाताशी असलेले काम आहे. आजीच्या गोधडीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कुणी शिवली, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, टाके कुठून सुरू झाले, कोणता तुकडा कुणाचा, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तुकड्यांची आणि टाक्यांची स्थानिक नावे तशीच ठेवावीत, प्रमाण भाषेत बदलू नयेत. एक वही आणि एक दुपार एवढेच भांडवल पुरते.

१६/
दहाव्या लेण्यातील लेखात दात्याचे नाव आहे, रक्कम आहे, व्याजाचा दर आहे. विणकरांची केवळ श्रेणी आहे. चीवर शिवणाऱ्या हातांचा उल्लेखही नाही. गोधडीत नेमके उलट घडले : हातांचे काम उरले, नाव उरले नाही. उषवदाताच्या काळातील ती नावे आता कुणालाही सापडणार नाहीत. घरातल्या गोधडीवरचे नाव मात्र अजून विचारता येते.