माहेरच्या नावाचं पदक

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हणजे बहुतेक वेळा पुरुषांची यादी असते. कोणताही कुलवृत्तांत उघडा. जन्मसाल, शिक्षण, नोकरी, बदल्या, निवृत्ती, गावाकडे बांधलेलं घर... आणि शेवटी एक ओळ, पत्नी अमुक, माहेर तमुक. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांमध्येही बाई सापडते ती कुणाची तरी आई नाहीतर बायको म्हणून. हे काही मला आज कळलेलं नाही. पण आमच्या घराण्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, आणि त्यात माझ्या आजीबद्दल चार ओळी जास्त घालाव्यात की नाही यावरून घरात दोन तट पडले आहेत. म्हणून हा सगळा प्रपंच.

मुद्दा असा, की आजी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होती.

घरात हे कुणी असं म्हणायचं नाही. "लग्नाआधी मुंबईत ऑफिसात होती," एवढंच. ते खोटं नव्हतं. पण ते ऑफिस विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) या दलाचं होतं. हे दल १९४२ साली उभं राहिलं आणि युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त बायका त्यात येऊन गेल्या. हिंदुस्थानी, अँग्लो-इंडियन, युरोपियन, सगळ्या. टायपिंग, टेलिफोन, सांकेतिक संदेश, गुदामांचे हिशेब, मोटारी चालवणं अशी कामं त्या करायच्या, म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर जायला मोकळे. हिंदुस्थानी मुलींना गणवेश म्हणून खाकी साडी चालायची. नौदलाची वेगळी शाखाही पुढे निघाली. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ साली ब्रिटनला जाऊन आल्या. त्यांचा रोसाइथचा फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे, जरूर बघा.

आता पदकाबद्दल. आजीच्या पेटीत एक रुपेरी पदक होतं. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह, वर लाल-निळी-पांढरी फीत. हे १९३९-४५ चं वॉर मेडल. घरात सगळ्यांची ठाम समजूत की ते मामाआजोबांचं, म्हणजे आजीच्या भावाचं. कारण कडेवर आडनाव तिच्या माहेरचं! मामाआजोबांनी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, बंदूक कधी हातात धरली नाही, पण पदक मात्र त्यांचं. नावाचं पहिलं अक्षरही जुळत नव्हतं. "साहेबाने चुकीचं कोरलं असेल," असं म्हणून तोही प्रश्न मिटवलेला.

या पदकांची एक गंमत आहे. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं दिली ती कोरी, नाव न घालता. हिंदुस्थानच्या सैन्यातल्यांची मात्र कडेवर नंबर, नाव आणि दल घालून दिली गेली. तेव्हा ज्यांच्या घरी असं पदक असेल त्यांनी भिंग घेऊन कड वाचावी. आमच्या पदकावर आडनावानंतर डब्ल्यू.ए.सी.(आय.) असं आहे. त्यातला डब्ल्यू म्हणजे विमेन. मामाआजोबांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

उरलं नावाचं पहिलं अक्षर. लग्नात आजीचं नुसतं आडनाव बदललं नाही, नावही बदललं. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि तेवीस वर्षांची एक मुलगी कागदोपत्री नाहीशी झाली. आम्हाला माहीत असलेली आजी १९४७ साली सुरू होते. त्याआधीची बाई शोधायची तर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही वेगळी. तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मिळालं (तेव्हा मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं) आणि त्यावरची आद्याक्षरं पदकाच्या कडेशी तंतोतंत जुळली. मग मामाआजोबांच्या नातवाकडे, म्हणजे तिच्या माहेरी, एक ग्रुप फोटो निघाला. खाकी साड्यांतल्या चौदा मुली, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी आमची आजी. सत्तर-पंचाहत्तर वर्षं तो फोटो त्या घरात होता आणि आमच्याकडे कुणाला पत्ता नव्हता. साहजिकच आहे. मुलीचं लग्नाआधीचं आयुष्य माहेरी राहतं, आणि तिची नातवंडं सासरच्या पेट्या उचकत बसतात.

सरकारदरबारी शोधणं आणखी अवघड. ब्रिटनमध्ये ज्यांच्या आज्या असल्या दलात होत्या त्यांचं बरं आहे. संरक्षण खात्याकडचे जुने सेवा-कागद २०२२ पासून तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायला सुरुवात झाली. आपल्याकडे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत असते तर निदान बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकता आलं असतं. पलटण अजून आहे, तिचं दप्तर आहे, तिला आपल्या माणसांचा अभिमान आहे. आजीचं दल युद्धानंतर मोडलं आणि त्याची परंपरा सांगणारं मागे कुणी राहिलं नाही. १९५० च्या आर्मी अॅक्टने तर सरकारने खास अधिसूचना काढल्याशिवाय बायकांना सैन्यात घ्यायचंच नाही असं ठरवलं. नर्सिंग आणि डॉक्टरकी सोडली तर ते दार उघडायला १९९२ उजाडलं. गेल्या काही वर्षांत खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली आल्या, मे २०२५ मध्ये पहिली सतरा जणींची तुकडी बाहेर पडली. फार आनंद झाला. पण "मुली पहिल्यांदाच गणवेशात" असं कुणी म्हणालं की मला ती दुसरी रांग आठवते.

आता घरातल्या वादाकडे.

काकांचं म्हणणं असं, की आजोबांचे थोरले भाऊ बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आले. त्यांच्या पानासमोरच "राज्यकर्त्यांच्या सैन्यात नोकरी" हे बरं दिसेल का? झाशीची राणी रेजिमेंट असती तर गोष्ट वेगळी. खरं आहे, वेगळी असती. मग आपण ते पहिल्या पानावर छापलं असतं! पण इतिहास काय आपल्याला शोभेल तेवढाच लिहायचा? त्या युद्धात हिंदुस्थानातले पंचवीस लाख लोक इंग्रजांच्या बाजूने भरती झाले होते. कुणी पोटासाठी, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी फॅसिझमच्या विरोधात. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं होतं, महागाईने लोक टेकीला आले होते. आणि गणवेश घातला म्हणजे मन विकलं असंही नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत तलवारवर बंड करून उठले ते गणवेशातलेच नाविक होते. थोरल्या आजोबांचा तुरुंग आणि आजीची खाकी साडी एकाच पुस्तकात समोरासमोर आली तर पुस्तक खोटं नाही होणार, खरं होईल. शिवाय ते दोघे पुढे तीस वर्षं एका घरात राहिले, एका पंगतीला जेवले. त्यांना जे जमलं ते आपल्या पुस्तकाला का जमू नये?

आत्याचा मुद्दा मात्र मला जड जातो. ती म्हणते, आईने स्वतः हे कधी सांगितलं नाही, तर आपण का उकरून काढायचं? त्या काळी सैन्यात नोकरी केलेल्या मुलीबद्दल लोक काय काय बोलायचे हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आजी कदाचित त्यामुळेच गप्प राहिली असेल. पण ती पूर्ण गप्प नव्हती गं, आत्या. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टायकिन बोटीचा स्फोट झाला त्या दिवसाबद्दल ती सांगायची ना? काचा कशा फुटल्या, आणि "आमच्या मुली टेलिफोन सोडून हलल्या नाहीत". आमच्या मुली म्हणजे कोण, हे आपण कुणी विचारलं नाही. आणि तिने ते पदक टाकून दिलं नाही. पुण्यात चार घरं बदलली, भांडी मोडीत गेली, पुस्तकं रद्दीत गेली, पदक पेटीत राहिलं. पदकाचं श्रेय भावाला जात होतं तेव्हा तिने दुरुस्ती केली नाही, हेही खरंच. त्याचा अर्थ तू लावतेस तसा असेल, मी लावते तसाही असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वीरांगना, रणरागिणी असलं काही लिहू नका, ते तिला आवडलं नसतं. ती का भरती झाली, का बोलली नाही, हेही आपल्या पदरचं घालू नका. कागद जे सांगतो तेवढं लिहा. मॅट्रिक. विमेन्स ऑक्झिलरी कोअरमध्ये सेवा. एप्रिल १९४४ मध्ये मुंबईत कामावर. वॉर मेडल. झाल्या चार ओळी. आजोबांच्या तीन बदल्यांना आपण सहा ओळी दिल्या आहेत.

आणि नात्यातल्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या आजीबद्दल "ऑफिसात होती", "कुठेतरी नर्स होती", "युद्धात काहीतरी करायची" असं घरात बोललं जात असेल तर तिचं माहेरचं पूर्ण नाव आजच लिहून ठेवा. तिच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ते असेल. तिच्या भाचरांना फोन करा, फोटोंची मागची बाजू बघा. ज्यांना ते नाव तोंडपाठ आहे अशी माणसं आता फार उरलेली नाहीत. आमच्याकडे दोनच आहेत, आणि दोघंही नव्वदीच्या आसपास.

आवृत्ती छापायला जायच्या आधी काकांशी मी पुन्हा बोलणार आहे. ओळी चारच्या तीन झाल्या तरी चालतील. पण नोंदीच्या सुरुवातीला तिचं जन्मनाव हवं, तेच, जे पदकाच्या कडेवर आहे.