खबर यंत्राची, हुकूम आपला

शाळेतला संगणक म्हटला की आपल्याकडे अजूनही टायपिंग, रंगीत स्लाइड आणि एक्सेलमधली बेरीज एवढेच डोळ्यांसमोर येते. ज्या लॅबमध्ये लिनक्स आहे तिथेही वेगळे काही शिकवले जात नाही. लायसन्सचे पैसे वाचले, जुनी मशीन चालली, इतकेच त्याचे कौतुक. केरळच्या सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिक्षण चालवले आहे. आपल्या मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांना ते का जमू नये?

मी दोन्ही भाषा शिकवतो, संगणक हा माझा विषय नाही. तरीही माझे मत आहे की आठवी-नववीच्या मुलांना लिनक्समधली एक छोटी सोय जरूर शिकवावी. नेटची जोडणी बदलली की आपण लिहिलेली स्क्रिप्ट आपोआप चालवण्याची ती सोय.

त्यामागे गरज आहे. शाळेचे ब्रॉडबँड बंद पडले की कुणीतरी शिक्षक आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. दिवसाचा दीड जीबीचा पॅक. पण धड्यांचे व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या मशीनला कसे कळणार की हे नेट शाळेचे नसून सरांच्या खिशातले आहे? ते आपले काम चालू ठेवते आणि तासाच्या मध्यावर डेटा संपतो. ज्या घरात एकाच फोनवर तीन भावंडे अभ्यास करतात, तिथे तर हे नुकसान थेट रात्रीच्या गृहपाठापर्यंत जाते.

बहुतेक लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर नावाचा प्रोग्राम जोडण्या सांभाळतो. ईटीसीमधल्या त्याच्या फोल्डरात ‘डिस्पॅचर डॉट डी’ नावाचे एक फोल्डर असते. जोडणी जुळली किंवा तुटली की नेटवर्क मॅनेजर त्यातल्या फायली वर्णानुक्रमाने चालवतो. म्हणून लोक फाइलच्या नावाआधी 10, 30 असे आकडे टाकतात. प्रत्येक फाइलला तो दोन शब्द देतो. पहिला, कोणत्या वाटेवर घडले, म्हणजे वायफाय की केबल. दुसरा, काय घडले, म्हणजे ‘अप’ की ‘डाउन’. शिवाय ‘कनेक्शन आयडी’ या व्हेरिएबलमधून जोडणीचे नावही मिळते. नाव शाळेचे असेल तर व्हिडिओ उतरवणे सुरू कर, हॉटस्पॉटचे असेल तर थांबव. सात-आठ ओळींत काम होते.

खबर आणि हुकूम हे दोन्ही शब्द मराठीत आहेत, उर्दूतही आहेत. यंत्र खबर देते आणि हुकूम आपण आधीच लिहून ठेवलेला असतो. वर्गात याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

जाणकार म्हणतील, यासाठी स्क्रिप्ट कशाला? जोडणीवर ‘मीटर्ड’ अशी खूण करता येते, मग अपडेट आपोआप थांबतात. खरे आहे, आणि ज्याचे तेवढ्यात भागते त्याने तेवढेच करावे. पण ती खूण पाळतात ते प्रोग्राम, ज्यांच्या कर्त्यांनी तिचा विचार केला आहे. आपल्या शाळेच्या व्हिडिओंचा विचार दुसरे कोण करणार?

मला यातला सर्वांत मोलाचा भाग परवानगीचा वाटतो. या फायली रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. म्हणून फाइलचा मालक रूटच हवा, इतर कुणाला तिच्यात लिहिण्याची मुभा नको आणि तिला चालवण्याची परवानगी दिलेली हवी. यातले एक जरी चुकले तरी फाइल चालवली जात नाही. पडद्यावर काहीच दिसत नाही, मुले वैतागतात. तेव्हा त्यांना जर्नल उघडायला शिकवावे. आणि व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेली स्क्रिप्ट न वाचता या फोल्डरात टाकणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देणे, हेही त्याच तासाला सांगावे. अधिकार आणि जबाबदारीवर आपण नागरिकशास्त्रात धडे देतो. इथे मुलांना ते बोटांनी शिकता येते.

शिकवणाऱ्यांसाठी दोन सूचना. फायलींचे पाथ पूर्ण लिहावेत, कारण स्क्रिप्ट चालते तेव्हा आपल्या लॉगइनशी तिचा संबंध नसतो. आणि लांबणारे काम स्क्रिप्टमध्येच करू नये, मागच्या फायली रांगेत अडकतात. उतरवण्याचे काम सिस्टमडीच्या सर्व्हिसवर सोपवावे, तिला साधा युजर नेमावा आणि स्क्रिप्टने ती फक्त सुरू किंवा बंद करावी.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात, त्याला इलाज नाही. पण हॅशचे चिन्ह टाकून लिहिलेली टीप यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठी असते. ती मराठीत लिहा, उर्दूत लिहा. काही टर्मिनलांत उर्दू अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने दिसतात, तेव्हा फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी, तिथे ती बहुधा नीट वाचता येते.