पाठ टेकली म्हणजे हरलो?

तालमीच्या लाल मातीत वस्तादांनी एकच ठसवलं : पोरा, पाठ लावायची नाही. कुस्तीच्या खासबाग मैदानात पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी ब्राझिलियन जुजुत्सूच्या मॅटवर 'आधी उताणे पडा' ऐकल्यावर अंगच ऐकेना. दोन महिने मी सवयीनं पालथा वळत होतो आणि मागून गळा आवळून घेत होतो.

'गार्ड' म्हणजे उताणं पडून दोन्ही पायांनी समोरच्याच्या कमरेला वेढा घालायचा, मनगटं धरायची, कंबर सरकवून कोन साधायचा. वरचा गडी वर असूनही अडकतो. १९९४ मध्ये अमेरिकेत जुजुत्सूवाल्या रॉयस ग्रेसीनं खाली दबलेला असतानाच, कितीतरी वजनदार कुस्तीगीर डॅन सेव्हर्नला पायांच्या त्रिकोणात गळा धरून हरवलं.

काही जुने मल्ल म्हणतात, ही परकी थेरं कशाला? पण खाशाबा जाधवही माती सोडून मॅटवर उतरले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन आले. कुस्तीचा नियम कुस्तीत राहू द्या. रस्त्यावर पाठ टेकली म्हणून कुणी शिट्टी वाजवत नाही.

वस्ताद, तालमीच्या कोपऱ्यात एक मॅट अंथरा. चितपट करायला शिकवताच. चितपट झाल्यावर लढायलाही शिकवा.